परत न आलेली मेल

इथल्या भुताखेतांच्या गोष्टी मी वाचते त्या शुद्धलेखनाच्या चुका काढायला, हे आधीच सांगून टाकते. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, सवय जात नाही. त्यातून आमचं घर धम्म घेतलेलं. आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले तेव्हा त्यांच्या मागोमाग भुतंही गेली, असं आई म्हणायची. कोकणात जन्म काढून मला ना कधी चकवा लागला, ना मुंजा भेटला. तरी आज हे लिहितेय. तुम्हाला पटलं नाही तर सोडून द्या... मलाच कुठे पटलंय!

माझा मोठा भाऊ, दादा, मुंबईत एका कंपनीत कारकून होता. ऑफिसात त्याला ईमेल मिळाली आणि हा गडी मला मेल करायला लागला. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी, आणि तीही सगळी कॅपिटल. कॅप्स लॉकचं बटण बंद करायचं असतं हे मी हजारदा सांगितलं असेल. "एवढा ओरडतोस कशाला रे?" असं लिहिलं की उलट उत्तर यायचं, "लांबून बोलतोय ना!" रिटायर झाल्यावर त्याचं ते ऑफिसचं खातं बंद झालं. मग मुलाने त्याला फोनवर दुसरं काढून दिलं, पण त्यात त्याचा जीव रमला नाही. हळूहळू मेल थांबल्या आणि फोनवरच बोलणं व्हायचं.

गेल्या वर्षी त्याचा ताप उतरेना. वहिनी म्हणाली, "तपासण्या चालल्यात, घाबरण्यासारखं काय नाय. पण तुझी आठवण काढतात गो सारखी." मी लगेच पुढच्या आठवड्यातलं सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं.

निघायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आमचा कॉम्प्युटर बंद पडला होता. मारुती मंदिराजवळ दुकान असलेल्या प्रकाशने तो पुसून, सगळं नव्याने टाकून दुपारी घरी आणून जोडला. कुवारबावला आमच्या हॉलमध्ये खिडकीशी टेबल आहे, तिथे बसून तो मेल आणि कॉन्टॅक्ट्स रिस्टोअर करत होता. माझ्याकडे पेन ड्राइव्हवर जुना बॅकअप होता. एकेक नाव परत यायला लागलं. त्यातली काही माणसं आता हयात नाहीत, पण डिलीट करायला हात होत नाही ना कुणाचा! "बाई, सगळे आले बघा," म्हणून प्रकाश चहा पिऊन गेला.

मी बसून बघतेय, तर इनबॉक्समध्ये सगळ्यात वर एक न वाचलेली मेल. नाव – दादा. तारीख आजची. उघडली. आत एकच शब्द, नेहमीसारखा कॅपिटलमध्ये ओरडून लिहिलेला. येतो.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बरा झाला आणि थेट निघालासुद्धा, हेच डोक्यात आलं. हा तसलाच होता, न कळवता दारात उभा राहणारा. मी तिथल्या तिथे उत्तर पाठवलं, "ये रे दादा. वाट बघते." मग त्याला फोन लावला, तर बंद. वहिनीला लावला, नुसती रिंग जात राहिली.

आमचे हे म्हणाले, "अगो, गाडीत असतील. घाटात रेंज कुठे असते? आणि तू उद्या तिकडे निघालीस नि तो इकडे आला, म्हंजे झाली चुकामूक!"

पटलं मला. मी तिकीट रद्द केलं. स्वतःच्या हाताने.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, आणल्या. दादाला तिसऱ्यांचं सुकं फार आवडायचं, खोबरं हात राखून घातलं की कुरकुर करायचा. म्हणून अख्खा नारळ खवला. दुपार झाली, जेवणं खोळंबली. एसटीचा आवाज आला की मी फाटकाशी जायचे. संध्याकाळी फोन वाजला तो पुतण्याचा.

"आत्ते, बाबा गेले गो... गाडी लेट झाली काय? कुठवर आलीस तू?"

मी घरातच आहे, हे त्याला सांगताना माझी काय अवस्था झाली ते लिहिता येत नाही. आदल्या दुपारी दादाला एकदम जास्त झालं होतं, आयसीयूत हलवलं. तेव्हापासून त्याला शुद्ध नव्हती. वहिनीचा फोन तिच्या पिशवीत वाजत राहिला. दुसऱ्या दिवशी मी गाडीत आहे असं समजून तिने मुद्दाम कळवलं नाही, एकटी प्रवासात घाबरेन म्हणून. सकाळची गाडी पकडली असती तर मी दुपारी त्याच्या उशाशी असते. हात तरी हातात घेतला असता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकून आल्यावर मी प्रकाशला बोलावलं. तो म्हणाला, "बाई, रिस्टोअर करताना जुनी मेल कधीकधी नव्या तारखेने दिसते. तसंच झालं असणार." असेलही. म्हणून त्याच्याकडूनच पेन ड्राइव्हवरच्या सगळ्या मेल चाळून घेतल्या. ती मेल त्यात नाही. ज्या पत्त्यावरून आली तो दादाचा ऑफिसचा पत्ता, बंद पडलेला. स्क्रीनवर नुसतं 'दादा' दिसत होतं, त्यामुळे पत्त्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. दादाचा फोन तर तापाच्या पहिल्या दिवसांतच पडून फुटला होता, दुरुस्तीला दिलेला.

आणि तो शब्द... आमची आई दादाला मुंबईला धाडताना दरवेळी दटावायची, "जातो म्हनू नये रं बाला, येतो म्हनावं." निघताना कधी त्याच्या तोंडून 'जातो' निघालं नाही. आमच्याकडे कुणाच्याच निघत नाही. शब्दाचा अर्थ वाक्यात कळतो, असं मी पोरांना आयुष्यभर घोकायला लावलं. त्याने एकच शब्द लिहिला, आणि मला तो उलटा लागला. निरोप घेणाऱ्यासाठी मी नारळ खवत बसले. हे मला आजही सहन होत नाही.

तिसऱ्या त्यानंतर आमच्या घरात शिजलेल्या नाहीत.

एक राहिलं. प्रकाशने त्या पत्त्यावर एक मेल पाठवून पाहिली. लगेच परत आली, असा पत्ताच नाही म्हणून. त्यानंतर मीही बऱ्याचदा पाठवल्या, काय काय लिहून. सगळ्या परत आल्या. त्या दुपारची माझी मेल तेवढी परत आलेली नाही. सेंटमध्ये आहे अजून. का आली नाही, ते प्रकाशला सांगता येत नाही, मलाही नाही.

आमच्याकडे कुणी निघताना 'येतो' म्हणालं की त्याला निरोप म्हणून काय उत्तर देतात, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. मी नकळत तेच लिहून गेले होते. ये रे दादा.