बाळंतीण कोण?

सुशील,

हे तुझ्याबद्दल लिहिलं आहे आणि तुला न विचारता लिहिलं आहे. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, मग वाद झाला असता, आणि तुझ्याशी वाद घालण्यात अकरावी-बारावीची दोन वर्षं माझी आधीच गेली आहेत. नाव बदला म्हणू नकोस. जुळ्या मुली घेऊन विनिपेगहून नागपूरला आलेले कामठीचे सुशील कितीसे असणार? नाव बदललं तरी लोक ओळखतीलच. वाच. कुठे चुकलं असेल तर सांग. राग आला तर तो तुझ्यापाशीच ठेव, इकडे पाठवू नकोस.

तर सुशील. कामठीच्या धोंडबा लूमवाल्याचा थोरला. धोंडबा हयात होते तोवर दुसऱ्याच्या पॉवरलूमवर कापड विणायचे. त्या खडखडाटात वाढल्यामुळे या मुलाला हळू बोलता येत नाही, आणि दुसरं कोणी हळू बोललं की आपल्यापासून काहीतरी लपवतायत असं त्याला वाटतं. आई प्रेमिला, अंगणवाडीत सेविका. अर्ध्या कामठीची लेकरं तिने वजनकाट्यावर घातली, डोस द्यायला ओढत नेली. धाकटी बहीण पायल लग्न करून नागपुरात मानेवाड्याला. सुशील इंजिनिअर झाला, कॅनडात विनिपेगला गेला, तिथल्या पाणीपुरवठ्यात लागला आणि ओवेन नावाच्या शाळामास्तराशी त्याने लग्न केलं. होय, ओवेन पुरुष आहे. ज्यांना इथे थांबून पाणी प्यायचं असेल त्यांनी पिऊन घ्यावं.

प्रेमिलाबाईंना हे कळलं तेव्हा बरेच दिवस त्या फोनवर फक्त तिकडच्या थंडीची चौकशी करत राहिल्या. मग एकदा त्यांनी विचारलं, सैपाक कोण करते. ओवेन करतो म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं, कारण आपल्या मुलाला साधा चहा जमत नाही हे त्यांना ठाऊक होतं. लग्न त्यांनी पायलच्या मोबाइलवर पाहिलं, नवी साडी नेसून, खुर्चीत ताठ बसून, शेवटच्या माणसाने हात हलवेपर्यंत. आईचं सगळं ठीक झालं, असं सुशीलने त्या दिवशी गृहीत धरून टाकलं. गृहीत धरायची त्याला सवयच आहे.

मग मुली झाल्या. तिथल्याच एका बाईने त्यांच्यासाठी पोटात वाढवल्या, मयुरा आणि क्लारा. दोघींना दोन महिने होतात न होतात तोच सुशीलने विमानाची तिकिटं काढली. आईने नाती पाहिल्या पाहिजेत, बस्स. फोनवर आई म्हणाली, नागपुरात घर घे, धरमपेठेत वगैरे, कामठीत लूमच्या आवाजात लेकरं झोपणार नाहीत. सुशीलला ते टोचलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसू नये म्हणून आई आपल्याला लांब ठेवते आहे, असं त्याने मनात लिहून टाकलं, पण तोंडाने काही विचारलं नाही. भाड्याने घर घेतलं. डिसेंबरात येऊन उतरले. पायल पहिल्याच दिवशी येऊन मुलींना पाहून गेली. आई काही आली नाही.

आता बाप दोन, मुली दोन, आणि दिवसभर काम काय? फोनची वाट बघायची. घरात बसून सुशीलचं डोकं फिरायला लागलं, म्हणून तो सगळ्यांना घेऊन शहर बघायला निघायचा. पंधरा वर्षांत हे शहर त्यालाही परकं झालं होतं. जिथे सायकल लावायचा तिथे डोक्यावरून मेट्रो चालली होती. जुळ्यांची बाबागाडी तिकडून आणली होती, शेजारी-शेजारी दोन सीटची, ऐसपैस. ती धरमपेठेच्या फुटपाथवर चालवायची म्हणजे आधी स्कूटर हलवायच्या, मग नारळपाणीवाल्याला सरकवायचं, मग दोघांनी मिळून गाडी उचलून पायरी उतरायची, आणि पुढे पुन्हा स्कूटर. शेवटी ओवेनने एकीला झोळीसारखं छातीशी बांधलं, दुसरीला सुशीलने बांधलं, आणि रिकाम्या बाबागाडीत दुधाच्या बाटल्या फिरू लागल्या.

लोक तर काय, थांबून थांबून बघायचे. गोकुळपेठेच्या बाजारात मेथी विकणाऱ्या बाईने ओवेनला उभं करून झापलं की एवढ्याशा लेकराला उन्हात काहून फिरवून राहिला, आणि स्वतःचा रुमाल लेकराच्या डोक्यावर टाकला. ओवेनला एक अक्षर कळलं नाही. तो खूश. त्याने तिला जय भीम केला, तिने हसून केला, शिवाय मेथीची जुडी फुकट. फुटाळा तलावावर कोणीतरी फोटो काढले. महाराजबागेत एका गृहस्थांनी सरळ विचारलं की हे गोरे साहेब तुमच्याकडे कामाला आहेत का. आणि सगळीकडे, न चुकता, तोच प्रश्न. यांची आई कुठे आहे? सुशील कधी म्हणायचा घरी आहे, कधी म्हणायचा बाजारात गेली, एकदा तर म्हणाला झोपली आहे. खोटं बोलल्याची चीड यायची, आणि ती चीड ओवेनवर निघायची. बाटली कोमट का नाही, टोपी उलटी का घातली. ओवेन ऐकून घ्यायचा. तोही माणूस आहे. एका दुपारी त्याने शांतपणे विचारलं की आपण तुझ्या आईला भेटायला आलो आहोत की तिच्यापासून लपायला? सुशीलने बाबागाडीला लाथ घातली. चाक वाकडं झालं आणि पुढे कायम कुरकुरत राहिलं.

आईचा फोन रोज यायचा. पोट साफ आहे का, ओवा देऊ नको, तिकडची लेकरं आहेत, सोसणार नाही. मालिश करता की नाही. सगळं विचारायची. येते कधी, हे सुशीलने विचारलं की म्हणायची, "पाहू न." सुशील फोन आपटायचा. कामठी काय सातासमुद्रापार आहे? शेअर ऑटोत बसलं की आलंच. आपण अर्धी पृथ्वी ओलांडून आलो, हिला वाटेतला इतवारीचा बाजार ओलांडवत नाही.

दीक्षाभूमीला ते गेले तेव्हा परतीचं विमान आठवड्यावर आलं होतं. दर्शन घेऊन सावलीत बसले, मुलींना बाटल्या लावल्या. शेजारी पारशिवनीकडचं एक म्हातारं जोडपं डबा उघडून जेवत होतं. म्हातारी बराच वेळ बघत राहिली आणि मग तिनेही तेच विचारलं. त्या दिवशी सुशीलची खोटी उत्तरं संपली होती.

"माय नाही यांना. आम्ही दोघं बाप आहो."

म्हातारीने ओवेनकडे पाहिलं, सुशीलकडे पाहिलं, दोन्ही बाटल्यांकडे पाहिलं. "मंग राती उठाले दोघं झाले," ती म्हणाली. "आमच्या येळेले एक बी उठत नोहता." म्हातारा भाकरीत लक्ष घालून बसला. तिने चटणीची पुडी पुढे केली आणि विचारलं, "अन् आजी कोठी हाय?"

कामठीला, सुशील म्हणाला.

"कामठीले?" म्हातारीला ते कळेना. दोन बाप तिला कळले होते. कामठीतली आजी अजून आली नाही, हे मात्र तिच्या डोक्यात बसेना. बिमार हाय का, असं तिने हळूच विचारलं.

सुशील तिथून उठला आणि झाडामागे जाऊन पायलला फोन लावला. म्हणाला, आईला सांग, मी आठवड्याने जातो, पुन्हा येणार नाही, तिला लाज वाटत असेल तर तिने तिची लाज घेऊन बसावं. आणखीही बरंच बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पायलने ऐकून घेतलं आणि मग तीही तापली.

"तू बोलावलं का तिले?"

"स्वतःच्या नाती बघायला बोलवायचं?"

"पोराच्या माईले बोलवाच लागते, दादा. तशी जाते का कोणी सुनेच्या माहेरी? सोयऱ्याचा निरोप आल्याशिवाय? झबले शिवून ठेवले तिनं, चांदीचे वाळे आणून ठेवले. तुह्या त्या ओवेनच्या माईचा फोन येईन म्हणून वाट पाहून राहिली. नाही आला त राग आला तिले."

सुशीलला हसावं की डोकं आपटावं कळेना. ओवेनची आई विनिपेगपासून दूर शेतावर राहते, गुडघ्यांनी अधू, जगात असा काही फोन करायचा असतो हे तिच्या सात पिढ्यांना माहीत नाही. पण पायलचं संपलं नव्हतं. मधेच आईला वाटलं होतं की आपला सुशीलच पोरीच्या जागी असेल तर? मग बाळंतपण आपल्याकडचं. म्हणून तिने डिंकाचे लाडू केले. केल्यावर डबा भरून ठेवला आणि विचारत बसली की आता हे द्यायचे कोणाला.

"मले म्हणे, बाळंतीण कोण आहे, तेवढं फक्त सांग."

सुशील झाडामागून बाहेर आला, ओवेनला म्हणाला चल, आणि मोठी गाडी बोलावून सगळे थेट कामठीला. न कळवता. वाटेत मयुरा रडली, मग क्लारा, मग दोघी. ओवेनने विचारलं काय झालं. सुशील म्हणाला, सांगायला एक वर्ष लागेल.

प्रेमिलाबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. गाडीतून आधी वाकड्या चाकाची बाबागाडी उतरली, मग जावई उतरला, की सून, त्यांनाही ठरवता आलं नव्हतं. त्या उठल्या नाहीत.

"फोन करून याचं न," त्या म्हणाल्या. "असं कोणी येते का?"

आणि मग सुशील दारातच सुरू झाला. गल्लीतल्या बायका बाहेर आल्या. दोन आठवडे आपण शहरभर येड्यासारखे फिरतो आहोत, कोणाकोणाला काय काय सांगतो आहोत, आणि तू इथे लाडवांचे डबे भरून बसली आहेस. प्रेमिलाबाईंनी त्याला बोलू दिलं. मग त्याच आवाजात उलटं विचारलं.

"मले काहून ओरडतं गा? मी कोण ते सांग पहिले. पोराची माय का पोरीची माय?"

"दोन्ही हो."

"दोन्ही कशी होऊ? पोराच्या माईले मानपान भेटते. पोरीच्या माईले राबा लागते."

"मग राब."

प्रेमिलाबाईंनी मांडीवरची सालं झटकली. "असं सांगाचं न मंग," त्या म्हणाल्या. "इतके दिवस फुकट गेले." भाकरीचा तुकडा आणि पाणी दोन्ही मुलींवरून ओवाळून टाकलं, आणि ओवेनच्या छातीवरची झोळी त्याला न विचारता सोडली.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसती धावपळ. धरमपेठेचं घर तसंच पडून, सगळे कामठीत. प्रेमिलाबाई पाय लांब करून पाटावर बसायच्या, पायावर लेकरू, तेल, कढत पाणी. ओवेनला त्यांनी तसंच बसायला शिकवलं. त्याचे पाय इतके लांब की मोरीत मावेनात, दार उघडं ठेवावं लागलं. राती कोण उठते, अशी त्यांनी चौकशी केली. ओवेनने हात वर केला. सुशीलनेही केला, पण अर्धा. झालं, लाडवांचा डबा ओवेनपुढे गेला. सुशीलने एक उचलला तर हातावर चापट बसली. मग त्यांच्याच लक्षात आलं की बाळंतीण ओवेन असेल तर हे सगळं त्याच्या आईने करायचं होतं, आणि आपण पोराची आई असून फुकट राबलो. दिवसभर त्या हेच पुटपुटत होत्या. हात मात्र थांबले नाहीत.

सुशीलची चिडचिड कमी झाली असं समजू नका. आता ती वाया गेलेल्या वेळेवर निघत होती. दोन आठवडे फुटाळा आणि महाराजबागेत घातले, ते इथे घालायचे होते. मुली आजीच्या पायावर झोपायला शिकल्या आणि निघायची वेळ झाली. आईने विषय काढला पाळण्याचा. माहेरचं काम केलं तर पाळणा माहेरचाच जातो, दोन लेकरांना दोन, लाकडाचे, इतवारीच्या बाजारात मिळतात, स्वतः बघून घ्यायचे, कडी वाजवून बघायची. सुशील म्हणाला विमानात कोण नेऊ देईल. आई म्हणाली खोलून ने. तो म्हणाला तिकडे टांगायला छताला कडी नाही. ती म्हणाली, मग तिकडचं ते कसलं घर. वाद संपावा म्हणून सुशीलने हो म्हटलं. शनिवारी जाऊ, तू अन् मी.

शनिवारी सकाळी क्लाराने दूध टाकलं. मग पायलच्या सासरचे लोक बघायला आले, त्यांचा चहा झाला, जेवण झालं. मग धरमपेठेच्या घराची किल्ली द्यायची होती, बॅगा भरायच्या होत्या, एक बॅग बंद होईना. प्रेमिलाबाई साडी बदलून, हातात पिशवी घेऊन दारापाशी येऊन उभ्या राहिल्या तेव्हा सुशील बॅगेवर बसून चेन ओढत होता. त्याने वर न बघता म्हटलं, आई, पुढच्या खेपेला. त्या म्हणाल्या, हाव. पायातल्या चपला काढल्या आणि पिशवी खुंटीला अडकवली.

फोन आता रोज चालतो, ओवेनशीही चालतो, व्हिडिओवर, हातवाऱ्यांनी. मुली कशात झोपतात, हे प्रेमिलाबाई विचारतात. सुशील सांगतो, खाटेत, कठड्याच्या. पाळणे बघायला इतवारीला मायलेकं अजून गेलेली नाहीत.