ब्रेकमास्तरांची बढती

गाडी शिकवणाऱ्याच्या बाजूला स्टिअरिंग नसतं, हॉर्न नसतो, असतो तो फक्त एक ब्रेक. ब्रेकमास्तरांनी उभी हयात त्या एका ब्रेकवर पाय ठेवून काढली. शिकणारा नेईल तिकडे जायचं आणि अगदीच जिवावर बेतलं की पाय दाबायचा. ही सवय अंगात अशी मुरली होती की घरी टीव्हीवर एखादी गाडी वळणाला आली तरी मास्तरांचा पाय खाली जायचा आणि मास्तरीणबाई म्हणायच्या, "अहो, फरशी फुटेल!" खरं नाव बँकेत आणि दवाखान्यात तेवढं उरलं होतं. बाकी साऱ्या गल्लीला ते ब्रेकमास्तर.

पण जिथे खरोखर ब्रेक दाबायला हवा होता, तिथे नेमका दाबला गेला नाही. झालं असं की एका रविवारी फुकट जेवणाचं आमंत्रण आलं. जेवण झाल्यावर एक टायवाला मुलगा समोर येऊन बसला आणि बोलायला लागला. इतका गोड बोलला, इतका गोड बोलला, की मास्तरांना तो आपलाच भाचा वाटायला लागला. तलावाकाठी रिसॉर्ट, दरवर्षी एक आठवडा, ठरलेली वेळ, ठरलेली खोली, तीही आजन्म. मास्तरांनी सही केली. मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तेव्हा त्यांना दिसत होतं.

घरी ही बातमी पोचली तसे साडू धावत आले. साडू म्हणजे पाण्याचे पंप विकणारा, पायाला भिंगरी लावलेला माणूस. निम्मं आयुष्य हॉटेलांत गेलेलं. त्यांच्याकडे हॉटेलांच्या कार्डांची अशी चळत होती की पत्ते पिसावेत तशी ते ती पिसायचे.

"किती वर्षांचा करार?" साडूंनी विचारलं.

"आजन्म," मास्तर छाती फुगवून म्हणाले.

"आजन्म! अहो, जन्मठेपेतसुद्धा सूट मिळते."

"तुम्हाला काय कळणार? वर्षं भरत जातात तशी पायरी चढते. आधी शिंपला सभासद, मग प्रवाळ, मग मोती. मोती सभासदाला वेगळी रांग, फळांची टोपली, मोठी खोली." तलावात मोती कुठून आला, हे मास्तरांनी त्या मुलालाही विचारलं नव्हतं.

साडू पाय पसरून बसले. "हे बघा, मी हॉटेलात गेलो की तो मॅनेजर माझे लाड करतो. का करतो? कारण त्याला धास्ती असते. हा उद्या समोरच्या हॉटेलात जाईल. म्हणून मी म्हणेन ती खोली, म्हणेन ती उशी. तुम्हाला तुमचा रिसॉर्टवाला कशाला घाबरेल? मी प्रेमात आहे, तुम्ही लग्न करून बसलात."

"लग्नाच्या बायकोचेही लाड होतातच की."

"होतात," आतून साडूंची बायको, म्हणजे मास्तरांची मेहुणी म्हणाली, "नवऱ्याला आठवलं तर."

मास्तरीणबाई इतक्या हसल्या की हातातला चहा सांडला. त्यावर भांडण मिटलं. म्हणजे तेवढ्यापुरतं. पुढे वर्षानुवर्षं हे दोघे साडू भेटले की हाच खेळ चालायचा. साडू म्हणायचे, आम्हाला खोली दुपारपर्यंत सोडावी लागत नाही. मास्तर म्हणायचे, आम्हाला सोडावीच लागत नाही, ती आमचीच आहे.

आणि ती खोली खरंच छान होती बरं का. तळमजल्यावर, टोकाची, लहानशी. दार उघडलं की उजव्या हाताला भिंतीचा गार स्पर्श, त्या भिंतीला धरून गेलं की चहाचा ओटा, ओट्यापुढे सरकतं दार, दाराबाहेर दोन पायऱ्या आणि खाली गवत. रात्री तलावाचं पाणी दगडावर चुबुकचुबुक करायचं. मास्तरीणबाई शिवणकाम करायच्या. त्यांचं लक्ष कापडाच्या पोताकडे, शिवणीकडे. पहिल्याच वर्षी त्यांनी सांगून टाकलं, "पडदे वाकडे शिवलेत. पण खोली चांगली आहे."

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. हे दुखणं मोठं लबाड असतं. ते समोरून येत नाही. कडेकडेने अंधार आत सरकतो आणि माणसाला वाटतं, आपणच धांदरट झालो. सुईत दोरा जाईना. मग दारं खांद्याला लागायला लागली. औषधं झाली, शस्त्रक्रिया झाली, आणि एक दिवस डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला तेव्हाच दोघांना कळलं.

घर हाताखालचं होतं, तिथे अडलं नाही. पण घराबाहेर मास्तरीणबाई कुणाच्या तरी कोपराला धरलेल्या. लेकीकडे गेल्या तरी तसंच. लेक म्हणायची, "आई, बस गं, मी देते ना." ती मायेनेच म्हणायची, पण दिवसभर बसवून ठेवलेल्या माणसाला मायेचाही कंटाळा येतो.

फक्त ती तलावाकाठची खोली निराळी. डोळे असताना वर्षामागून वर्षं पाहिलेली, त्यामुळे ती आत उतरून बसली होती. दार उघडलं की मास्तरीणबाई नवऱ्याचा हात सोडायच्या. त्या एका आठवड्यात मास्तरांना सकाळचा चहा हातात मिळायचा. त्या एकट्या पायऱ्या उतरून गवतावर जायच्या, एकट्या परत यायच्या. मास्तर पलंगावर पडून नुसते आवाज ऐकायचे. कपाचा, चमच्याचा, सरकत्या दाराचा. आणि त्यांचा पाय मात्र चादरीखाली दाबलेला असायचा, न जाणो कुठे अडखळली तर.

"ही मी डोळ्यांनी पाहिलेली शेवटची परकी खोली," त्या एकदा म्हणाल्या. "आता नवीन नको काही."

मास्तरांनी हे ऐकलं होतं. ऐकलं होतं आणि तरी, जेव्हा रिसॉर्टमधून त्या मुलीचा फोन आला, "अभिनंदन काका, तुम्ही आता मोती सभासद झालात!" तेव्हा ते लहान मुलासारखे हरखले. माणूस जन्मभर दुसऱ्यांना लायसन मिळवून देतो, त्याला स्वतःला कधी बढती म्हणून मिळत नाही. त्यांनी ती बातमी वाण्याला सांगितली, न्हाव्याला सांगितली, गाडी शिकायला आलेल्या एका बाईंना सांगितली आणि त्या बाईंनी अभिनंदन करण्याच्या भरात गाडी दुभाजकावर चढवली. साडूंना तर मुद्दाम फोन करून सांगितलं. साडू क्षणभर गप्प झाले. तो क्षण मास्तरांना फळांच्या टोपलीपेक्षा गोड लागला.

यंदा रिसॉर्टवर गेले तर खरोखर वेगळी रांग. म्हणजे रांगेत दुसरं कुणीच नव्हतं, पण जाड दोरी लावलेली होती. गार रुमाल आला, सरबत आलं, खोलीचं दार उघडायला मास्तरांच्या अंगठ्याचा ठसा घेतला गेला. मास्तर अंगठा नाचवत बायकोला वर्णन करून सांगत होते. सामान घेणारा पुढे निघाला आणि मास्तरीणबाई एकदम थांबल्या.

"अहो, आपण लिफ्टमध्ये का?"

तेव्हा कुठे मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला.

वरची खोली म्हणजे खोली नव्हतीच, ते मैदान होतं. मास्तरीणबाईंनी दारातून उजवा हात पुढे केला. हात हवेतच राहिला.

"इथली भिंत कुठे गेली?"

"आहे, जरा लांब आहे," मास्तर म्हणाले. "मोठी खोली आहे ना."

त्या एक पाऊल पुढे गेल्या आणि काचेच्या ठेंगण्या टेबलावर त्यांची नडगी आपटली. फळांची टोपली कलंडली. संत्रं घरंगळत कुठे गेलं ते ऐकत त्या तशाच उभ्या राहिल्या. मग नवऱ्याचं कोपर शोधून त्यांनी धरलं.

मास्तर खाली काउंटरवर गेले. तिथली मुलगी हसली. मास्तरांनी सारं सांगितलं. तिचे डोळे भरून आले आणि तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर तरुण होता, सभ्य होता, आणि हीच पंचाईत होती. उद्धट माणसाशी भांडता तरी येतं.

"काका, तुमची जुनी खोली शिंपला सभासदांसाठी आहे. मोती सभासदाचं नाव तिथे टाकलं की संगणक ते घेतच नाही."

"मग मला पुन्हा शिंपला करा."

"असं करता येत नाही, काका. आजवर कुणी मागितलंच नाही."

"मी मागतोय की."

"तुमच्या हक्काची खोली आम्ही काढून घेतली, असं होईल ते. वरून मला विचारतील, मोती सभासदाचा अपमान का केला?"

"अरे बाबा, माझा मान ठेवायचाच असेल तर करा ना अपमान!"

मॅनेजरने ओशाळून मान खाली घातली. मग म्हणाला, "वर मसाज मोफत पाठवू का?" बिचाऱ्याच्या हातात तेवढंच होतं.

मास्तर बाहेर येऊन बाकावर बसले आणि मनावर दगड ठेवून साडूंना फोन लावला. साडू टोमणा मारतील म्हणून त्यांनी दात आवळून ठेवले होते. साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि ते जराही हसले नाहीत.

"माझ्या नेहमीच्या हॉटेलात या," साडू म्हणाले. "तिथनं जवळ आहे. आत्ता मॅनेजरला फोन करतो. तळमजला म्हणा, तळमजला देईल. पलंग हलवा म्हणा, हलवेल. मी सांगतोय ना, माझ्या शब्दाबाहेर नाही तो."

"देईल हो सगळं," मास्तर म्हणाले. "पण ती खोली कुठून देईल?"

इतकी वर्षं वाद घातला, आणि आज दोघांचंही खरं होतं आणि कुणाचंच उपयोगाचं नव्हतं.

"ताईंना सांभाळा," एवढं म्हणून साडूंनी फोन ठेवला.

शेवटी मास्तरांनी लाज गुंडाळून ठेवली आणि जुन्या खोलीचं दार वाजवलं. आत नवं जोडपं होतं. मुलगा तोंडात ब्रश घेऊनच आला. हकीकत ऐकली आणि म्हणाला, "काका, बदलून घेऊ की! आम्हाला काय, वर तर वर!" पण दारं उघडायची ती अंगठ्याच्या ठशाने. मुलाच्या अंगठ्याने वरचं दार उघडेना आणि मास्तरांचा अंगठा खालच्या दाराला चालेना. दोघांनी आलटून पालटून अंगठे टेकवले, फुंकर मारली, शर्टाला पुसले. दाराचा लाल दिवा काही हिरवा झाला नाही.

"काकूंना तरी आणा," आतून त्याची बायको म्हणाली. "बसतील जरा."

मास्तर बायकोला घेऊन आले. दार उघडलं, उजवा हात पुढे गेला आणि भिंत हाताला लागली. मास्तरीणबाईंनी कोपर सोडलं. "तुम्ही बसा गं," त्या त्या मुलीला म्हणाल्या, "चहा मी करते." आणि भिंतीला धरून ताठ मानेने निघाल्या. मास्तरांनी पाहिलं, वाटेत जोडप्याची बॅग उघडी पडली होती. त्यांचा पाय फरशीवर दाबला गेला, तोंडून शब्द मात्र फुटला नाही. मास्तरीणबाई बॅगेत अडखळल्या. मुलाने झेप घालून त्यांना सावरलं.

"सॉरी काकू, सॉरी! पसारा आमचाच."

"असू दे रे, बाळा. तुमचीच खोली आहे."

ओट्यावर साखरेच्या जागी शांपूच्या बाटल्या होत्या. मुलीने पटकन सगळं काढून दिलं, हाताशी आणून ठेवलं. चहा झाला, आणि तो चांगला झाला. तिघेही त्याला छान म्हणाले. मुलगी म्हणाली, "रोज या हं, काकू." मास्तरीणबाई हसल्या. "दुसऱ्याच्या संसारात रोज कशाला लुडबुड?" म्हणाल्या आणि कप खाली ठेवायच्या आधी त्यांनी टेबल चाचपून पाहिलं. या खोलीत असं चाचपताना मास्तरांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

वर आल्यावर त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. मास्तरांनी शिकवायचा प्रयत्न केला. आता सरळ, आता डावीकडे, हळू, थांब. मास्तरीणबाई न्हाणीघराऐवजी कपाटात शिरल्या. दोघेही हसले. दुसऱ्यांदा पुन्हा कपाटातच शिरल्या, तेव्हा कुणी हसलं नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पाठ होईपर्यंत आठवडा संपेल. तुम्ही गॅलरीतून तलाव बघा आणि मला सांगा."

मास्तर गॅलरीत गेले. अख्खा तलाव समोर पसरलेला. ते सांगायला लागले, पाणी निळं आहे, होडी आहे, पलीकडे डोंगर आहे. शाळेतल्या निबंधासारखं ते त्यांनाच वाटायला लागलं.

"आवाज येत नाही पाण्याचा," बाई म्हणाल्या.

"उंच आहोत ना आपण."

तेवढ्यात खोलीतला फोन वाजला. काउंटरवरचीच मुलगी होती. तिला बिचारीला काहीतरी चांगलं सांगायचं होतं.

"काका, पुढच्या वर्षी तुमचं काय, ही काळजी मलाही लागली होती. मी वर विचारून घेतलं."

"मग?" मास्तरांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"तुम्ही अजिबात काळजी करू नका. मोती पद तुमच्याकडून कुणीसुद्धा काढून घेऊ शकत नाही. आयुष्यभर!"

"हो का," मास्तर म्हणाले. "बरं झालं, बाळ. थँक यू."

त्यांनी फोन जपून जागेवर ठेवला.

"काय म्हणाली?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"आपण आयुष्यभर मोती," मास्तर म्हणाले. मास्तरीणबाईंनी ते ऐकून घेतलं. मग आवाजाच्या अंदाजाने त्यांनी हात पुढे केला.

"या," त्या म्हणाल्या, "मला न्हाणीघरापर्यंत न्या."