बटण बंद केल्यावर

रूबेन वारल्याची बातमी मला भाजीबाजारात कळली, आणि तीही दुसऱ्या दिवशी. त्यांच्यात, म्हणजे बेने इस्रायलांत, दफनाला उशीर करत नाहीत, त्यामुळे सगळं आदल्या संध्याकाळीच आटोपलं होतं. जुना शेजारी मेथीची जुडी पिशवीत कोंबता कोंबता म्हणाला, "मास्तर, तुमचा तो रेडिओवाला दोस्त..." आणि थांबला. मला आधी रागच आला. उभ्या जन्माची मैत्री, आणि मला निरोप द्यायचं कोणाला सुचू नये? मग लक्षात आलं, निरोप द्यायला त्याच्या घरात होतंच कोण! तेव्हापासून काही आठवडे गेले, पण तो राग अजून पुरता गेलेला नाही. तो कोणावर आहे, हे मात्र आता नीट सांगता येत नाही.

पनवेलच्या इस्रायल आळीत साठ सालाच्या आसपास दर महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या घराला कुलूप लागत होतं. रूबेनचा थोरला भाऊ इस्रायलला गेला, मग बहीण गेली. भावानं तिकडच्या एका कारखान्यात रूबेनसाठी शब्द टाकून ठेवला होता. कचेरीत कारकुनी करणाऱ्या आणि संध्याकाळी आळीतले बिघडलेले रेडिओ उघडून बसणाऱ्या रूबेनला याहून जास्त काय हवं होतं? त्याला जायचंच होतं. पण घरात बाबा होते. "तुमच्या आईची कबर इथे आहे, मी कुठेही येणार नाही," असं बाबांनी थोरल्याला बजावलं होतं. रूबेननं एकट्यानं जावं की नाही, हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. ते विचारायचं रूबेनच्या वाट्याला आलं होतं.

अडचण अशी, की बाबा ठार बहिरे. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच काही पोचायचं. "चहा घेता का?" म्हणून विचारलं, तर समोरच्या दोन घरांतून "हो" यायचं. लिहून दाखवावं, तर डोळ्यांत मोतीबिंदू. आता "बाबा, मला तुम्हाला सोडून जायचंय" हे वाक्य बेंबीच्या देठापासून ओरडून कसं सांगायचं? रूबेन मला म्हणायचा, "मास्तर, ही गोष्ट हळूच सांगायची आहे. ओरडून सांगितली की ती भांडणासारखी वाटेल."

म्हणून त्यानं यंत्र करायचं ठरवलं. मुंबईला चोरबाजारात लढाईनंतर लष्करानं विकून टाकलेला डिस्पोजलचा माल मिळायचा, तिथून कानाला लावायचे फोन आणले. जुन्या टेलिफोनचा बोलायचा भाग मिळवला. त्या दोहोंच्या मध्ये आवाज मोठा करणारा दोन व्हॉल्व्हचा अँप्लिफायर त्यानं आठवड्याभरात जोडला. रडवलं ते त्याच्या पॉवर सप्लायनं. भिंतीतली वीज या व्हॉल्व्हना तशीच चालत नाही, ती आधी सरळ आणि संथ करून घ्यावी लागते, असं तो मला समजावायचा. मी भूगोल शिकवणारा माणूस, मी मान डोलवायचो. पहिल्यांदा फोन कानाला लावले तेव्हा बाबांनी ते झटक्यात काढले आणि म्हणाले, "गिरणी कोणी चालू केली?" विजेची घरघर होती ती. बाबांना घरघर ऐकू येत होती, मुलगा ऐकू येत नव्हता.

मग सगळा पावसाळा त्या घरघरीत गेला. रूबेननं ट्रान्सफॉर्मर लांब नेऊन बसवला, घरघर अडवणारी लोखंडी गाभ्याची चोक घातली, विहिरीजवळ खड्डा खणून कोळसा-मीठ भरून अर्थिंग केलं. बोलायच्या भागाची तार लांब केली की घरघर वाढे, म्हणून ती हातभरच ठेवली. त्यामुळे बाबा खाटेवर, त्यांच्या पायाशी स्टुलावर यंत्र आणि त्याला चिकटून रूबेन, अशी त्या खोलीची रचना ठरून गेली. मी म्हणायचो, "अरे, एवढ्यात तू पोहत गेला असतास." तो हसायचा नाही. शेवटी वीज साठवून ठेवणारे मोठाले कंडेन्सर त्यानं बसवले, आणि घरघर थांबली.

त्या दिवशी मी तिथेच होतो. रूबेननं तोंडाशी तो भाग धरला, घसा साफ केला आणि अगदी हळू म्हणाला, "बाबा..." म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, की मला खिडकीबाहेर बघावं लागलं. "किती वर्षांनी रे! तुझा आवाज तुझ्या आईवर गेलाय, हे मला माहीतच नव्हतं," बाबा म्हणाले. रूबेननं फोनची तार सरळ केली. मग त्यानं विचारलं, "जेवायला काय करू?"

त्यानंतर बाबांना ते यंत्र सुटेना. रोज संध्याकाळी रूबेन कचेरीतून आला की बोलायला बसायचा. आळीतल्या बातम्या, कचेरीतली लफडी, भावाची पत्रं. भावाची पत्रं वाचताना तो काही ओळी गाळायचा, हे मला शेजारी बसून दिसे. फक्त शुक्रवारी, शब्बाथचा, म्हणजे कामं बंद ठेवायच्या दिवसाचा, दिवा लागायच्या आधी तो यंत्र बंद करायचा, ते शनिवारी रात्री पुन्हा चालू व्हायचं.

एकदा रूबेन कचेरीत असताना मी बाबांजवळ बसलो होतो. फोन त्यांच्या कानावर, बोलायचा भाग माझ्या हातात. ते एकदम म्हणाले, "मास्तर, तो दर शुक्रवारी बटण बंद करतो आणि मग बोलतो. त्याला वाटतं, मला ऐकू येत नाही. पण आवाज लगेच मरत नाही रे... थोडा वेळ राहतो. 'बाबा, मला जायचंय' एवढं मला ऐकू येतं. पुढचं विझत जातं."

मी विचारलं, मग तुम्ही काही बोलत का नाही? बाबांनी फोनची तार बोटाला गुंडाळली. "जा म्हणालो तर तो जाईल. जाऊ नको म्हणालो, तर मी बाप कसला?"

हे मी रूबेनला सांगितलं नाही. बापलेकाच्या मध्ये पडायची माझी छाती नव्हती. बाबा वारले, तोवर या गोष्टीला पाच-सहा वर्षं झाली होती. सुतकाचे सात दिवस रूबेन चटईवर बसून होता, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, त्यांना ऐकू यायचं. तुझं शुक्रवारचं बोलणं त्यांना ऐकू यायचं.

तो दचकला नाही. "ठाऊक आहे," म्हणाला. "ते कंडेन्सर मीच बसवलेत, मास्तर. बटण बंद केल्यावर आवाज किती टिकतो, ते मला कळणार नाही?"

"मग चालू असतानाच का नाही सांगितलंस?"

"चालू असताना सांगितलं असतं, तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं." तो चटईचा एक धागा ओढत राहिला. "दर शुक्रवारी वाटायचं, आज ते मान वर करतील. आणि त्यांनी मान वर केली नाही, की... मला बरं वाटायचं."

भाऊ तेव्हाही बोलावत होता. रूबेन शेवटपर्यंत पनवेलातच राहिला.