बारवेभोवतीची पट्टी

माझ्या पदवीच्या कागदावर कुलगुरूंची सही आहे. तिच्या शेजारी शेवंतामावशींचा अंगठा असायला हवा होता, कारण वनस्पतिशास्त्र मला त्यांनी शिकवलं. मावशी आमच्या कॉलेजच्या आवारात गवत कापायच्या. म्हशीपुरता भारा न्यायचा आणि त्याबदल्यात आवार नीट ठेवायचं, असा जुन्या प्राचार्यांशी त्यांचा तोंडी करार होता.

आवारात निजामाच्या राज्याआधीची दगडी बारव आहे. तिच्याभोवतीची पट्टी मावशी सगळ्यांत शेवटी कापत. "बी पडल्याबिगर इळा लावायचा न्हाई," हा त्यांचा नियम. पाहुणे येणार म्हणून शिपाई घाई करायला लागला, की त्या म्हणत, "पावण्याला लय घाई असंल तर पावण्यालाच इळा दे!"

घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. पुस्तकातली लॅटिन नावं पाठ, पण पायाखालचं गवत ओळखता यायचं नाही. मावशी भारा बांधता बांधता हसायच्या. "बीएस्सी करायलास अन् मारवेल कळंना व्हय रे? म्हशीच्या मागं हिंड. ती शिकवंल."

एकदा त्यांनी तळहात ओला करून त्यावर कुसळी गवताचं कुसळ ठेवलं. ते जिवंत असल्यासारखं गरगर फिरायला लागलं. "बघ, आसं फिरत फिरत मातीत शिरतंय. त्याला माळी लागत न्हाई." पुढे प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकांनी माझ्यापुढे नेमकं तेच कुसळ ठेवलं. मी तळहात ओला केला. परीक्षक खुर्चीतून उठून बघायला आले.

आता मी दुसऱ्या तालुक्यात विज्ञान शिकवतो. मागच्या वर्षी नव्या प्राचार्यांचा निरोप आला: जैवविविधता आणि वारसा जपणारा परिसर उभारायचा आहे, आवारातल्या वनस्पतींची यादी करून द्या. मी आनंदाने दोन दिवस मावशींबरोबर फिरलो. त्या नावं सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. खाली सही मात्र माझ्या एकट्याची केली. ते मला अजून टोचतं.

उन्हाळ्यात यंत्रं आली. बारवेभोवतीची पट्टी सोडून सगळं गवत मुळासकट उपटलं आणि ट्रकमधून आणलेल्या हिरवळीच्या गुंडाळ्या अंथरल्या. त्या हिरवळीवर माझ्या यादीतल्या नावांच्या देखण्या पाट्या रोवल्या: पवन्या, मारवेल, कुसळी. बारवेत ज्या सांध्यांतून पाणी पाझरायचं, ते सिमेंटने बुजवले. फाटकावर फलक लागला, 'जैवविविधता जपा. गवत कापण्यास सक्त मनाई.' आणि पहिल्याच दिवशी रखवालदाराने मावशींचा विळा काढून घेतला. जिने आयुष्यभर गवत राखलं, तिच्यापासून गवताचं रक्षण!

दिवाळीच्या सुटीत भेटलो तेव्हा मावशींनी म्हैस विकून टाकली होती. "मला कापू देईनात, जाऊ दे. पर बारवंची पट्टी ऱ्हायलीय, तीबी आता कापणार म्हणं. आर्धंच बी पिकलंय. पंधरा दिस थांबा म्हणावं. तुझी सही हाय ना त्या कागदावर?"

मी प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, "अहो, पाहुण्यांना काय माजलेलं गवत दाखवायचं?"

"सर, पाटीवर त्याचंच नाव आहे."

"पाटी आहे ना? मग झालं!"

इतकं शिकलेला माणूस हे बोलतो, म्हणून माझा आवाज चढला. शिपायाने मला दंडाला धरून बाहेर आणलं. मी तडक बारवेकडे गेलो आणि पिकलं होतं तेवढं बी हातांनी ओरबाडून जेवणाचा डबा भरला. चौथ्या दिवशी पट्टी कापल्याचं कळलं. त्याच दिवशी मी हे पत्र लिहिलं.

"ती. शेवंतामावशींना सा. नमस्कार.

नातीकडून वाचून घ्या. पट्टी कापली. तुम्ही मागितलेले पंधरा दिवस मला मिळवता आले नाहीत. यादीवर तुमचं नाव घाला, नाहीतर माझंही काढा, असं प्राचार्यांना आजच लेखी कळवलं आहे.

बी मात्र सगळं गेलेलं नाही. डबाभर माझ्याजवळ आहे. घरी पोचलो तर पँटला, मोज्यांनाही कुसळंच कुसळं. बायको ओरडली, पण मी एकही टाकू दिलं नाही.

मृगाच्या तोंडावर डबा घेऊन येतो. विळा नसला की तुम्हालाही फाटकातून सोडतील. आपण दोघं त्या हिरवळीवरून नुसती एक फेरी मारू. पुढचं त्या कुसळाचं ते बघेल. त्याला माळी लागत नाही, तुम्हीच सांगितलं होतं.

तुमचा विद्यार्थी"