शकुंतला सिस्टरचा क्लेम

सौंसरच्या शकुंतलाबाई गजभिये गाडी चालवायला शिकल्या तेव्हा त्यांचं वय होतं एक्कावन्न. लोधीखेड्याकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात त्या नर्स. बाळंतपणं आणि लसीकरण यांत सत्तावीस वर्षं गेलेली. बसची वाट पाहून पाहून कंटाळल्या, तेव्हा त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. नवरा श्रावणराव पांढुर्णा नगरपालिकेतून रिटायर झालेले, उंचपुरे आणि स्वभावाने अगदी भिडस्त. त्यांनीही शिकून पाहिलं, पण तिसऱ्याच दिवशी क्लच जळाल्याचा वास आला आणि त्यांनी चावी बायकोच्या हातात दिली.

"तूच चालव. मी बाजूले बसून रस्ता सांगतो."

आणि ते सांगायचेही, कोणी न विचारता.

मागच्या नोव्हेंबरात दोघं भाचीचा साखरपुडा आटोपून लोधीखेड्याहून घरी निघाले. भर दुपार होती. बोरगावजवळ एक रोही, म्हणजे नीलगाय, उडी मारून थेट गाडीसमोर आली. शकुंतलाबाईंनी स्टिअरिंग फिरवलं. रोही वाचली, गाडी रस्ता सोडून खाली गेली आणि कपाशीच्या वावरात उलटी झाली.

दोघंही बेल्टला लटकलेले.

"प्रज्ञाचे बाबा, बरे आहा ना?" बाईंनी नवऱ्याला विचारलं.

"बरा आहो."

"मंग बेल्ट सोडा न!"

वावराचे मालक कवडूभाऊ कापूस वेचायचं सोडून धावत आले. त्यांनी दोघांना बाहेर काढलं, पाणी पाजलं. बाईंच्या कपाळावर टेंगूळ आलं, श्रावणरावांचा चष्मा फुटला. एवढ्यावर भागलं.

गाडीचं मात्र काही उरलं नव्हतं. दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीच्याही वर गेला. "सिस्टर, ही टोटल लॉस हाय," गॅरेजवाला म्हणाला. म्हणजे मोडकी गाडी विमा कंपनीला द्यायची आणि पॉलिसीत लिहिलेली किंमत घ्यायची. ती होती दोन लाख चाळीस हजार.

आठवड्याने नागपूरहून कंपनीचे सर्व्हेयर नुकसान तपासायला गॅरेजात आले. हेमंत त्यांचं नाव. त्यांनी चारी बाजूंनी फोटो काढले, फॉर्म वाचला आणि बाईंना सोडून श्रावणरावांकडे वळले.

"काका, गाडी तुम्हीच चालवत होता ना?"

"नाई जी, ही चालवून राहिली होती."

"तुमच्याकडे लायसन्स आहे?"

"नाई."

हेमंत समजूतदारपणे हसले. "लायसन्स काकूंचं, म्हणून फॉर्मवर नाव काकूंचं. असे क्लेम रोज येतात. कंपनी पूर्ण पैसे नाकारू शकते. पण मी वाद वाढवत नाही. पंचाहत्तर टक्क्यांत मिटवू. एक लाख ऐंशी हजार. या संमतीपत्रावर सही करा."

श्रावणराव घाबरले. बायकोला बाजूला नेऊन म्हणाले, "घेऊन टाक न. काहीच नाई भेटलं तं?"

"साठ हजाराचं एक वेळ सोडा," शकुंतलाबाई म्हणाल्या. "पण तीन वर्षं ऊन-पाण्यात मी गाडी चालवली, अन् हा माणूस मले खोटी म्हणून राहिला."

त्या परत आल्या. आवाज चढवला नाही. अडलेल्या बाळंतिणीच्या घाबरलेल्या सासूशी बोलतात तशा बोलल्या. "साहेब, जरा गाडीपाशी चला."

गाडी आता गॅरेजात चाकांवर उभी होती. डावीकडचा पत्रा पार दबलेला, पण चालकाचं दार उघडत होतं. शकुंतलाबाई जेमतेम पावणेपाच फूट. पाय पुरावे म्हणून त्यांची सीट अगदी पुढे ओढलेली असायची, आणि अपघातात खालची पट्टी वाकून ती तिथेच अडकली होती. हेमंतनी खटका ओढून पाहिला. सीट तसूभरही हलली नाही.

"आता याइले बसवा आतमधी," बाई म्हणाल्या.

श्रावणरावांनी निमूटपणे एक पाय आत घातला. गुडघा स्टिअरिंगला जाऊन भिडला. दुसरा पाय काही केल्या आत येईना, आणि पहिला बाहेर निघेना.

"अवं, अटकलो मी!"

गॅरेजवाल्याने खांदे धरले, हेमंतनी गुडघा दाबला, आणि कशीबशी सुटका झाली. तोवर सगळं गॅरेज हसत होतं. हेमंतनाही हसू आवरेना. तरी नियम म्हणून त्यांनी कवडूभाऊंना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"बाईच होत्या स्टेरिंगवर," पलीकडून आवाज आला. "बाहीर निंगाल्याबरोबर मले म्हने, दादा, तुमची कपाशीची पराटी मोडली का? सोताच्या टेंगळाचं तं भानच नाई!"

हेमंतनी संमतीपत्र फाडलं. मग पेन टेकवत म्हणाले, "तरी काकू, गाडी जुनी आहे. बाजारभावाने दोन लाखांवर जात नाही."

शकुंतलाबाईंनी पॉलिसी उघडून त्यांच्यापुढे धरली. आदल्या दोन दिवसांत त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचून काढली होती. "हप्ता घेतला तवा गाडी कितीची होती?"

"दोन चाळीस."

"मंग घेताना दोन चाळीस, अन् देताना दोन? असं कुठं लिहिलं हाय, तेवढं दाखवा."

हेमंतनी पान उलटलं, पुन्हा उलटलं. "नाही लिहिलेलं," ते शेवटी म्हणाले. "फक्त एक हजार नियमाने कापले जातील. हे बघा, इथे आहे."

बाईंनी चष्मा लावून ती ओळ वाचली. "लिहिलं हाय तं कापा."

जाताना हेमंतनी हात जोडले. "काकू, चुकलं माझं. मी आधी तुम्हालाच विचारायला पाहिजे होतं."

"चहा घेऊन जा," बाई म्हणाल्या, आणि गॅरेजवाल्याने पाच कट चहा सांगितले.

तीन आठवड्यांनी दोन लाख एकोणचाळीस हजार खात्यात आले. महिन्याभरात शकुंतलाबाईंनी छिंदवाड्याहून दुसरी जुनी गाडी आणली, या वेळी निळी. उपकेंद्रातली आशा कार्यकर्ती दामिनी ती पाहायला आली आणि बराच वेळ दारावरून हात फिरवत राहिली. आता रविवारी सकाळी दोघी मैदानावर दिसतात. शिकणाऱ्या दामिनीच्या हातून गाडी दर पाच मिनिटांनी धक्का खाऊन बंद पडते.

"काई बिघडत नाई," शकुंतलाबाई शेंगदाणे सोलत म्हणतात. "पुन्ना सुरू कर."