पाणी तोडलेला वेल

झाडांचे लाड मला कधीच पटले नाहीत. जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरमागे भाजी लावणाऱ्या बायका दोन वेळा पाणी घालायच्या, सावलीला जुन्या साड्या बांधायच्या. मी त्यांना हसायचे. रोप चार पानांचं झालं की मी त्याचं पाणी तोडत असे. आधी दिवसाआड, मग तीन दिवसांनी. शेंडा खुडायचा, फांद्या तारेवर वळवायच्या आणि दुपारी पानांनी मान टाकली तरी विरघळायचं नाही. जे जगेल त्याचंच बी धरायचं, असा माझा खाक्या.

त्या उन्हाळ्यात शेजारचे वेल करपले. माझा लवकीचा, म्हणजे दुधीचा, वेल तेवढा टिकला. बायका बघायला यायच्या आणि मी फुगून जायचे. फळ मात्र एकच धरलं, तेही आखूड आणि टणक. पानं काळपट पडत चालली होती. मला दिसत होतं, पण मी त्याला जोम समजले.

आमच्या ह्यांना शुगर. कुणीतरी सांगितलं म्हणून रोज सकाळी हे बाजारच्या लवकीचा रस घ्यायचे. त्याआधी कारलं झालं, कडुनिंब झाला, मेथीचं पाणी झालं. शुगर असलेल्या घरात कडू लागलं की माणूस उलट खूश होतो.

ते एकुलतं फळ मी तोडलं आणि आईने लावलेल्या सवयीने देठाकडची चकती जिभेवर ठेवली. घशाला धरणारं कडू. आईने ती लवकी तिथल्या तिथे फेकली असती. मी चकती थुंकले आणि मोरीत चूळ भरली. हे दारातच ब्रश करत उभे होते. मग बाकीची लवकी मी मिक्सरमध्ये घातली. इतक्या हौसेचं फळ टाकायचं जिवावर आलं, दुसरं काही कारण नाही.

पहिल्याच घोटाला ह्यांनी तोंड वाकडं केलं. "आज इतकं कडू काहून लागून राह्यलं?"

"घरचं हाय," मी म्हटलं. "कडू हाय तं शुगरले चांगलंच. पिऊन टाका."

ह्यांनी पेला संपवला.

अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या उलटीत रक्त दिसलं तेव्हा मी रिक्षा आणायला धावले. भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ह्यांचे हात गार पडले होते. लवकीचा रस म्हटल्यावर डॉक्टरांचा चेहरा बदलला. पाण्याविना उन्हात तापलेल्या वेलाचं कडू फळ विषारी असू शकतं, म्हणाले. कापताना कुणी चाखलं नव्हतं का, त्यांनी विचारलं. 'नाही,' मी म्हटलं. हे पलंगावरून माझ्याकडे बघत होते.

चार दिवसांनी हे घरी आले. वेल मी त्याआधीच मुळासकट उपटून टाकला होता. त्याबद्दल ह्यांनी काही विचारलं नाही, आणि मी अजून काही कबूल केलेलं नाही. कधी विचारतील, याची धास्ती मात्र रोज असते. आता जेवायला बसलं की हे भाकरीचा तुकडा मोडतात, भाजीला लावतात आणि हातात धरून ठेवतात. माझा पहिला घास गिळून होईपर्यंत तोंडात घालत नाहीत.