काट्यावरच्या मावशी

विमानाची घरघर कानावर पडली की काट्यावरच्या मावशी हातातला चहा तसाच ठेवून दाराकडे धावायच्या. "आलं रे, आलं!" तेच छोटं विमान, तेच दोन पंखे, पण मावशींचा आनंद दरवेळी नवा. मागून मीही धावायचो, पण धास्तीने. उतरताना काही झालं तर? "मेल्या, तू बघितलंस नाय तर काय ते उतरणार नाय?" असं म्हणत त्या मला पुढे ढकलायच्या.

आमचं बेट म्हणजे समुद्रातला वाळूचा लांबट तुकडा. त्यातला निम्मा धावपट्टीनेच खाल्लेला. विमान लहान, म्हणून सामानाबरोबर माणसांनाही वजनकाट्यावर उभं राहावं लागतं. ते काम मावशींचं. त्या मूळच्या पलीकडच्या किनाऱ्यावरच्या, भाट्याच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आल्या आणि तो गेल्यावरही राहिल्या. मी आठवीतून शाळा सोडलेला, इथे बॅगा चढवणारा. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून त्यांनी विचारलं, "राजापूरचा काय रे तू?" मला एकदम भरूनच आलं. त्या दिवसापासून माझं जेवण त्यांच्याकडे.

कुणाचंही वजन त्या मोठ्याने सांगत नसत. अंगाने भरलेल्या बाईला म्हणायच्या, "वहिनी, तुम्ही मधे बसा, मानाची जागा आहे." आणि मला हळूच, "विमान म्हणजे होडीच रे. वजन वाईट नसतं, बसवायचं कुठं ते कळलं पाहिजे." मग आमच्याकडे मधल्या जागेसाठी भांडणं व्हायला लागली!

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी दुपारच्याच विमानाने भाट्याला निघाल्या होत्या. मीही त्याच विमानात होतो. बहिणीचं लग्न होतं राजापूरला. पुढचं विमान दोन दिवसांनी, तोवर अक्षता पडून गेल्या असत्या. मावशींना निरोप द्यायला अख्खं बेट लोटलेलं. गळ्यात हार, बायका रडतायत, आणि तेवढ्यात कॅप्टन बाहेर आला. वारा पडलाय, ऊन तापलंय, अशा हवेत विमान जड उठतं, वजन कमी करा.

मावशींनी हार मागे सारले आणि हुकूम सोडला, "बॅगा उघडा!"

प्रत्येक बॅगेतून नारळ निघाले. किनाऱ्यावरच्या पाहुण्यांना द्यायला! "अरे, तिकडं काय माडांना दगड लागतात?" मावशी ओरडल्या. रडणाऱ्या बायका हसायला लागल्या. काट्याशेजारी नारळांचा ढीग झाला, तरी एका माणसाएवढं वजन जास्तच.

आमच्याकडे रीत आहे, अशा वेळी स्टाफचा माणूस उतरतो. मी विमानातली माझी पिशवी उतरवली.

"तू कुठं निघालास?"

"मावशी, स्टाफ..."

"मग मी कोण? संध्याकाळपर्यंत मी पण स्टाफच." त्यांनी माझी पिशवी हिसकावली आणि परत विमानात टाकली. "आणि काय रे, नवऱ्याचा कान पिळायला भाऊ नको? तिथं कोण जाणार, मी?"

"पण तुमचा निरोप..."

"तो काय नासतोय? चढ आधी!"

मग जमलेल्या लोकांकडे वळून त्या म्हणाल्या, "जा आता घरी. परवा परत या रडायला."

विमान सुटलं. खिडकीतून पाहिलं तर मावशी हारांसकट हात हलवत धावपट्टीच्या कुंपणाच्या कडेने धावत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी उडताना डोळे मिटले नाहीत.

लग्नात मी नवरदेवाचा कान असा पिळला की तो ओरडला आणि मांडव हसला. त्याच दिवशी, त्याच सुमाराला, मावशी विमानात चढत होत्या. बेटावरचे अजून सांगतात, दुसऱ्या खेपेला आदल्यापेक्षा जास्त माणसं जमली होती, निम्मी हसत होती, निम्मी रडत होती. सगळे होते. मी तेवढा नव्हतो.